बुर्किना फासोचा कापूस

जळगावला एमए करताना जागतिकीकरणाच्या सेमिनारला मी आफ्रिका घेतली. मित्र म्हणाले, तिकडचं तुला काय करायचंय? पण पश्चिम आफ्रिका वाचताना मला धुळ्याकडचं आमचंच शेत दिसायचं. 2003मध्ये बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली यांनी जागतिक व्यापार संघटनेत श्रीमंत देशांच्या कापूस अनुदानाविरुद्ध दाद मागितली. अनुदानाने भाव पडतात, हे खानदेशात वेगळं शिकवावं लागत नाही.

खरी गंमत पुढे आहे. बुर्किनात 2008मध्ये बीटी कापूस शेतात आला. अळी कमी झाली, उत्पादन वाढलं. पण धागा आखूड निघू लागला. तिथल्या कापूस कंपन्यांनी काही वर्षांतच ते बियाणं बंद केलं.

नानांना सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "मंग तठे बियानं देणारा नि कापूस लेणारा एकच शे का?"

हा प्रश्न माझ्या नोट्समध्ये नव्हता. हो, एकच. धागा आखूड झाला की तोटा कंपनीच्याच अंगावर येतो. आमच्याकडे बियाणं देणारा वेगळा, कापूस घेणारा वेगळा, मधला तोटा नानांचा.

"पण तिथे विकायला दुसरं गिऱ्हाईकही नाही," मी म्हणालो. नाना बराच वेळ काही बोलले नाहीत.