बंद दाराआडची देवघेव

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना वाचनालयाचे माहात्म्य निराळे सांगावयास नको. बडोदे, इंदूर, हैदराबाद या नगरांत मराठी माणूस गेला आणि स्थिरावला, तेथे त्याने वाचनालय उभारले किंवा जोपासले. आमच्या बेळगाव-निपाणी भागाची गोष्ट थोडी वेगळी आहे. येथील माणसे कोठे गेली नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातील हा मुलूख तत्कालीन म्हैसूर राज्यात आला. सीमा हलली, माणसे जागच्या जागी राहिली, आणि त्यांची वाचनालयेही. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, म्हणजे आमच्याहून दोन वर्षांनी धाकटे!

अशा वाचनालयांत काम करणारी माणसे मात्र आपल्या लेखनाचा विषय क्वचितच होतात. २०२० आणि २०२१ या दोन वर्षांत कोरोनाच्या साथीने वाचनालयांची दारे बंद झाली, तेव्हा या ग्रंथालय-सेवकांनी काय केले, त्यांचे मन कशाने थाऱ्यावर राहिले, हे ऐकावे म्हणून अलीकडे सवड काढून मी बेळगाव ते निपाणी हा रस्ता मुद्दाम आडवाटा घेत केला. त्यांनी मोकळेपणाने सांगितले, पण नावे घालू नका असेही बजावले. ती विनंती मी पाळतो आहे.

साथीची पहिली झळ आमच्या राज्याला फार लवकर लागली. देशातील पहिला कोरोना-मृत्यू १० मार्च २०२० रोजी कलबुर्गीच्या एका रुग्णाचा झाला. २२ मार्चला जनता कर्फ्यू पाळला गेला आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. गणपत गल्ली, खडेबाजार, रामदेव गल्ली या बेळगावच्या एरवी पाय ठेवण्यास जागा नसलेल्या वाटा एका दिवसात ओस पडल्या. शहरातील एका वाचनालयाचे वयस्क सेवक म्हणाले, "गुरुजी, तीस वर्षं रोज सकाळी वर्तमानपत्रं काठीला लावायची सवय. पहिल्या आठवड्यात हात नुसते मोकळे वाटायचे." पुढे परवानगी मिळताच ते आठवड्यातून एकदा येऊन कपाटे उघडीत, पुस्तकांना हवा देत, कसर लागलेली बाजूला काढीत. घरी नेलेल्या फाटक्या पुस्तकांना खळ लावून पाठी चिकटविण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले. तोच त्यांचा छंद झाला. दोनशेच्या आसपास पुस्तके अशी पुन्हा उभी राहिली, असे त्यांनी बोटे मोजून सांगितले.

बेळगाव सोडून महामार्गाने उत्तरेस निघाले की काकती, हत्तरगी, संकेश्वर अशी गावे मागे पडतात, तवंदीचा घाट उतरला की निपाणी येते. अंतर सुमारे ७५ किलोमीटर. तंबाखू आणि विडीचे हे गाव. विडी वळणाऱ्या बायांचे पोट रोजच्या कामावर चालते. टाळेबंदीत ते काम थांबले, तेव्हा छंदाची भाषा त्यांच्या घरात शोभणारी नव्हती. निपाणीनजीकच्या एका खेड्यातील वाचनालयाचा तरुण ग्रंथपाल स्वतः अशा घरातला आहे. वर्गणी येईना, म्हणून मानधनही थांबले. काही महिने त्याने भाजीची गाडी लावली. त्या गाडीच्या खालच्या फळीवर तो पुस्तके ठेवी! भाजी घेणारी आई मुलासाठी पुस्तक मागून नेई, परत आलेले पुस्तक तो तीन दिवस निराळे ठेवून मगच दुसऱ्यास देई. विषाणू मुख्यतः हवेतून पसरतो, पुस्तकाच्या पानांतून भय अत्यल्प, हे पुढे स्पष्ट झाले. तेव्हा प्रत्येक वस्तूचीच धास्ती होती.

बडोद्याच्या वाचकांना येथे सयाजीराव महाराजांची आठवण होईल. महाराजांनी १९१० साली बोर्डन या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण केले आणि त्यांच्या राज्यात पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी जाऊ लागल्या. वाचक ग्रंथालयापर्यंत येऊ शकत नसेल तर ग्रंथालयाने वाचकापर्यंत जावे, हे तत्त्व त्या भाजीच्या गाडीने कोणाच्या शिकवणीवाचून आचरणात आणले.

निपाणीत सीमा कशी असते हे पाहायचे तर अर्जुननगरला जावे. १९६० साली स्थापन झालेले देवचंद महाविद्यालय निपाणीस खेटून उभे आहे, पण ते कोल्हापूर जिल्ह्याच्या कागल तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. एरवी विद्यार्थी ही सीमा दिवसातून दोनदा ओलांडतात आणि त्यांना तिचे भानही नसते. साथीत मात्र ती रेषा जमिनीवर उमटली. कोगनोळीच्या नाक्यावर २०२१ साली महाराष्ट्रातून येणाऱ्यांकडे आरटीपीसीआर तपासणीचा दाखला मागितला जाऊ लागला. लेक कागलला, आई निपाणीत, आणि मध्ये नाका, अशी कितीतरी घरे होती. नियम रोगासाठी होता, त्यास दोष देता येत नाही. पण दुरावा खराच होता.

आमच्या भागाने साथ पूर्वीही पाहिली आहे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग लवकरच या दक्षिणी मुलखात पसरला आणि हाफकिन यांची लस १८९८ मध्ये हुबळीत मोठ्या प्रमाणावर टोचली गेली. त्या काळी लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहत. हाल पुष्कळ होत, पण शेजारीपाजारीही तेथेच असत. या वेळी मात्र प्रत्येकास आपापल्या घरात एकटे बसावयास सांगितले गेले. शेजार हेच ज्यांचे औषध, अशा वृद्धांना ही शिक्षा जड गेली.

त्या एकटेपणावर एका सेविकेने काढलेला उपाय मला सर्वांत मोलाचा वाटतो. त्यांनी सभासदांची नोंदवही घरी नेली आणि रोज दहा जणांना दूरध्वनी करण्याचा नेम धरला. हेतू पुस्तकांविषयी विचारण्याचा. "पण गुरुजी, निम्मे जण पुस्तकाचं इचारतच नव्हते," त्या म्हणाल्या. "तुम्ही जेवलासा काय, एवढंच इचारायचे." दृष्टी मंदावलेल्या दोघा-तिघांना त्या रोज चार पाने वाचून दाखवीत. २०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांतील दुसरी लाट ओसरली तेव्हा नोंदवहीतील अकरा नावांपुढे त्यांना पेन्सिलीने खूण करावी लागली. त्या अकरांपैकी सात जणांच्या घरी वाचनालयाची पुस्तके होती. एकाही घराने पुस्तक ठेवून घेतले नाही. सातही परत आली. हे सांगताना त्यांचा स्वर प्रथमच कापला.

शाळेच्या निमित्ताने मलाही यातले थोडे पाहता आले. ऑगस्ट २०२० मध्ये राज्य शासनाने विद्यागम योजना सुरू केली. शिक्षकांनी मुलांचे लहान गट करून देवळाच्या ओवरीत, झाडाखाली शिकवावयाचे होते. संसर्गाच्या भयाने ऑक्टोबरात ती थांबली, पण त्या अवधीत आमच्या गटांत पाठ्यपुस्तकांहून गोष्टींची पुस्तके अधिक हातांतून फिरली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्रामपंचायतींच्या वाचनालयांतून मुलांसाठी 'ओदुव बेळकु', म्हणजे वाचनाचा उजेड, हा उपक्रम सुरू झाला. या वाचनालयांत कन्नड आणि मराठी पोरे एकाच सतरंजीवर बसलेली मी पाहिली आहेत.

आज दारे उघडी आहेत, पण सगळे पूर्ववत झालेले नाही. कडोली, उचगाव, कारदगा यांसारख्या आमच्या गावांत मराठी साहित्य संमेलने भरतात, तेथे मंडप भरतो. रोजच्या देवघेवीच्या वेळी मात्र बाके रिकामी दिसतात. दोन वर्षे घरी बसलेला वाचक हातातल्या फोनला सरावला. वर्गणीदार घटले की पहिला घाला सेवकाच्या तुटपुंज्या मानधनावर पडतो, आणि तो सेवक गेला की वर्गणीदारांची विचारपूस करणारेही कोणी उरत नाही. सरकारी अनुदान इमारतीस मिळेल, पुस्तकांस मिळेल; रोज दहा घरी चौकशी करण्याचा नेम कोणत्या नियमावलीत बसणार?

म्हणून दूरच्या वाचकांना एवढीच विनंती. आपल्या गावच्या मराठी वाचनालयाची वर्गणी थकली असेल तर ती भरावी, आणि पुस्तक घरपोच मागविण्याऐवजी आठवड्यातून एकदा स्वतः जाऊन आणावे. त्या सेविकेने आपला नेम साथीनंतरही मोडलेला नाही. फक्त आता रोज दहाऐवजी पाच जणांना त्या दूरध्वनी करतात, कारण दुपारी चारला वाचनालय उघडावयाचे असते.