'त्यांचे' म्हणजे नक्की कोणाचे?

शुद्धलेखनाची धास्ती आपल्याला शाळेपासूनच असते. 'आणि'मधला 'णि' ऱ्हस्व की दीर्घ, यावर आपण अडतो, कोणाला तरी विचारतो. पण वाक्य नीट बसले आहे की नाही, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. एका कार्यालयाच्या पत्रव्यवहार विभागात माझी सत्तावीस वर्षे गेली. त्या अनुभवावरून सांगते, ऱ्हस्व-दीर्घाच्या चुकीने क्वचितच कोणाचे काम अडते. काम अडते ते वाक्यामुळे.

मी निवृत्त झाल्यापासून शेजारीपाजारी आपापले अर्ज घेऊन माझ्याकडे येऊ लागले. त्यातलाच एक अर्ज शेजारच्या वहिनींचा. त्यांचे यजमान अचानक गेले. यजमान आणि सासरे यांचे बँकेत संयुक्त खाते होते. घाईघाईत पुतण्याने अर्ज लिहून दिला, 'माझे काका व आजोबा यांचे आपल्या शाखेत संयुक्त खाते आहे. त्यांचे निधन झाल्यामुळे त्यांचे नाव कमी करावे. दाखला मिळताच सादर करू.'

बँकेने खात्यावरचे व्यवहार थांबवले आणि पत्र पाठवले, 'उभय खातेदारांच्या मृत्यूचे दाखले सादर करावेत.' ते पत्र नेमके सासऱ्यांच्याच हातात पडले. वय वर्षे ब्याऐंशी. त्यांनी चष्मा लावून ते वाचले, घडी घालून ठेवले आणि त्या दिवशी जेवले नाहीत. त्यांच्या औषधपाण्याचे पैसे त्याच खात्यात होते. ते मिळेपर्यंत सहा आठवडे गेले. "ताई, अर्जात चूक काय होती हो?" वहिनी मला विचारत होत्या.

शब्द एकही चुकला नव्हता. पण मराठीत आपण वडीलधाऱ्या माणसाला आदराने 'ते' म्हणतो आणि अनेकांनाही 'ते'च म्हणतो. त्यामुळे 'त्यांचे निधन' एकाचे की दोघांचे, हे वाक्यातून कळेना. बोलताना समोरचा विचारू शकतो. कागदाला विचारता येत नाही. म्हणून जिथे दोन माणसे आली, तिथे सर्वनाम सोडून सरळ नाव लिहावे. नाव दोनदा आले तर वाक्य थोडे जड होईल, पण कोणाचे जेवण सुटणार नाही.

दुसरी नेहमीची अडचण 'ऊन'ची. 'कार्यालयात येऊन थकबाकीची पावती देण्यात येईल.' येणार कोण? सभासद. देणार कोण? कार्यालय. 'येऊन', 'करून', 'पाहून' असे लिहिले की ते करणारा आणि पुढचे क्रियापद करणारा एकच हवा. 'सभासदांनी कार्यालयात येऊन पावती घ्यावी' असे लिहिले की झाले.

'फक्त' हा शब्दही असाच खोडकर. 'फक्त सोमवारी महिलांचे अर्ज घेतले जातील' आणि 'सोमवारी फक्त महिलांचे अर्ज घेतले जातील' ही दोन वाक्ये वाचून बघा. पहिल्यात महिलांना एकच दिवस मिळतो, दुसऱ्यात सोमवारी आलेला पुरुष परत जातो. ज्या शब्दावर जोर हवा, 'फक्त' त्याला चिकटून ठेवावा.

'सगळे कर्मचारी सभेला आले नव्हते' या वाक्यावरून तर मी भांडणे पाहिली आहेत. एकही आला नव्हता, की काहीजण आले नव्हते? ज्यांनी हजेरी लावली होती, त्यांना राग येणारच. 'बारापैकी चार कर्मचारी आले नव्हते' असा आकडा लिहिला की वाद मिटतो.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या, किंवा दिवसभर हिंदीत वावरणाऱ्या आपल्या मंडळींची आणखी एक गोष्ट. 'माझी मदत करावी' असे हमखास लिहिले जाते. मराठीत 'मला मदत करावी'. यात अर्थ बिघडत नाही, पण वाचणाऱ्याला खटकते.

आणि ते 'करण्यात येईल'! कार्यवाही करण्यात येईल, चौकशी करण्यात येईल. कोण करणार आणि कधी, याचा पत्ता नाही. 'लेखा विभाग आठ दिवसांत रक्कम देईल' असे लिहायला धैर्य लागते, कारण मग द्यावी लागते.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. दादोबा पांडुरंग यांनी मराठीचे व्याकरण १८३६ मध्ये छापले. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांना शासनाने १९६२ मध्ये मान्यता दिली, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडून ते अठरा झाले. महाराष्ट्राचा राजभाषा अधिनियम १९६४ सालचा. पण लेखनाचे ते नियम मुख्यतः अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ यांचे आहेत. शब्द कसा लिहायचा ते त्यांत सापडते. वाक्याची काळजी ज्याची त्यानेच घ्यायची. संगणक चुकीच्या शब्दाखाली लाल रेघ ओढतो, पण पुतण्याच्या अर्जात ओढायला शब्दच चुकीचा नव्हता.

हाताखाली नवीन आलेल्या मुलामुलींना मी एक साधी युक्ती सांगत असे. पत्र लिहून झाले की ज्याला त्या कामातले काही माहीत नाही, अशा माणसाला ते मोठ्याने वाचून दाखवायचे आणि तीनच प्रश्न विचारायचे: कोणी करायचे, काय करायचे आणि केव्हापर्यंत? तिन्ही उत्तरे न अडखळता आली तर पत्र पाठवावे. वाचताना मध्येच दम लागला तर वाक्य लांब झाले आहे असे समजून त्याची दोन करावीत. दोन मिनिटांचे काम आहे, आणि घरी आई, सासूबाई, नववी-दहावीतली मुलगी, कोणीही चालते.

वहिनींच्या घरी आता हाच नियम आहे. बाहेर जाणारा प्रत्येक कागद आधी आजोबांना वाचून दाखवला जातो. कुठे 'त्यांचे' आले की ते हात वर करतात आणि विचारतात, "कोणाचे ते आधी लिही बघू!"