एकास बहात्तर

शाळेत असताना भूगोलाच्या तासाला आम्ही नकाशाचे प्रमाण शिकलो. नकाशावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे इतके किलोमीटर, हे परीक्षेपुरते पाठ केले आणि परीक्षेबरोबरच विसरलो. प्रमाण ही काय चीज आहे, हे मला खऱ्या अर्थाने कळले ते गेल्या दिवाळीच्या सुटीत, आणि तेही पुस्तकातून नव्हे, तर एका खेळण्याच्या खोक्यातून. खेळणे हा शब्द माझा नव्हे. घरात, गल्लीत आणि मित्रमंडळींत सर्वांनी एकमताने त्याला हेच नाव दिले. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकणारा एकोणीस वर्षांचा घोडा प्लॅस्टिकचे विमान जोडत बसतो, याला लोकांनी दुसरे काय म्हणावे?

विमान होते मिग-२१. हे विमान १९६३ साली आपल्या हवाई दलात आले आणि २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला त्याने निरोप घेतला. बासष्ट वर्षे म्हणजे सरकारी नोकरापेक्षाही लांब नोकरी झाली! १४ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर मिग-२१ विमानांनी हल्ला चढविला आणि दोनच दिवसांनी पाकिस्तानी सैन्याने शरणागती पत्करली, एवढे इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते निराळेच. निरोपाच्या बातम्या वाचताना कळले, की यांतली शेकडो विमाने आपल्या नाशिक जिल्ह्यात, ओझरला बांधली गेली. १९६४ मध्ये हिंदुस्थान एरोनॉटिक्सने तेथे कारखाना काढला. इंजिने ओडिशातल्या कोरापूटची, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादची, आणि सांगाडा व जोडणी ओझरची. ‘मिग’ हे नाव मात्र मिकोयान आणि गुरेविच या दोन सोव्हिएत अभियंत्यांच्या आडनावांवरून पडलेले. आजही कोणाला विचारा, तो म्हणेल, “मिग ना? रशियाचं विमान.” निफाड तालुक्यात, द्राक्षांच्या मुलखात, ज्या हातांनी त्याचे रिव्हेट मारले त्यांचे नाव कोणी घेत नाही.

मी भिवंडीचा आहे, म्हणून ही गोष्ट मला टोचली असावी. आमच्या गावात रात्रंदिवस माग खडखडतात. इथले कोरे कापड टेंपोत भरून बाहेर जाते, दुसऱ्या गावी रंगते, आणि काठावर तिसऱ्याच कोणाचा छाप घेऊन दुकानात बसते. ते भिवंडीत विणले हे नेसणाऱ्याला कधीच कळत नाही. अलीकडे तर गावाभोवती मागांपेक्षा गोदामे अधिक झाली आहेत. माझा दादा मानकोलीकडच्या एका गोदामात खोकी चढवण्या-उतरवण्याचे काम करतो. दिवसाकाठी शेकडो खोकी त्याच्या हाताखालून जातात. पण ती आतून कशी असतात, हे त्याने कधी पाहिलेले नव्हते. त्यामुळे माझ्या विमानाचे खोके घरी आले तेव्हा ते फोडण्याचा मान त्यानेच मागून घेतला. साडेअकराशे रुपयांपैकी सहाशे माझ्या शिकवणीचे होते आणि बाकीचे त्याचे, तेव्हा हक्कही होताच. त्याने चिकटपट्टी इतक्या हळू सोडवली, की आई म्हणाली, “अरे, लग्नाची पत्रिका आहे का ती?”

खोक्यात विमान नव्हतेच. राखाडी प्लॅस्टिकच्या चार चौकटी होत्या, आणि झाडाला शेंगा लटकाव्यात तसे सत्तर-ऐंशी तुकडे त्यांना लटकलेले होते. एक काचेसारखे पारदर्शक झाकण, पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांचा कागद आणि सूचनांचे पत्रक. आईने ते सारे पाहिले आणि म्हणाली, “एवढ्या पैशात महिन्याचं तेल आलं असतं.” नंतर थोडे थांबून तिने खरी गोष्ट बोलून दाखविली, “तुला कॉलेजात घातलं ते हात कागदाला लागावेत म्हणून. पुन्हा हे चिकट काम कशाला?”

तिचे बोलणे खोटे नव्हते. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. आमच्यासारख्या घरांत शिकणे याचा अर्थच मुळी हाताच्या कामातून सुटणे असा धरतात. मलाही तो तसाच वाटत होता.

आता प्रमाणाकडे वळतो. खोक्यावर ‘१/७२’ असे छापले होते. मिगच्या पंखांचा विस्तार सुमारे सव्वासात मीटर, माझ्या विमानाचा जेमतेम दहा सेंटिमीटर. म्हणजे विमान माझ्या तळहातावर उतरू शकते. वाचकांना वाटेल, लहान वस्तू म्हणजे सोपे काम. गणित नेमके उलटे आहे. माझ्या विमानावर एखादा भाग एक मिलिमीटर सरकला, तर खऱ्या विमानावर तो सात सेंटिमीटर सरकल्यासारखा दिसतो. सगळे काही बहात्तरपट लहान होते, डोळ्यांनी आणि बोटांनी द्यावयाचे लक्ष तेवढे लहान होत नाही.

आमच्याकडे हत्यारे घरगुतीच होती. तुकडे नेलकटरने तोडले. कडा बारीक पॉलिश पेपरने, पाणी लावून घासल्या. या कामाचा डिंक आपल्या डिंकासारखा नसतो. तो प्लॅस्टिक किंचित विरघळवतो आणि दोन तुकडे वाळले की एकजीव होतात. मिगच्या नाकाला हवा घेण्यासाठी गोल तोंड असते आणि त्यात एक शंकू बसलेला असतो. त्या शंकूच्या मागे वजन भरावे लागते, नाहीतर पुढच्या चाकावर उभे राहण्याऐवजी विमान शेपटीवर बसते. मासे धरणाऱ्या एका मित्राकडून गळाला लावायचे शिसे आणले. भिवंडीच्या खाडीतले शिसे मिगच्या नाकात गेले!

अण्णा म्हणजे माझे वडील. दोन दिवस त्यांनी या उद्योगाकडे लक्ष दिले नाही. ते मूळचे सोलापूरचे. भिवंडीला येताना त्यांनी आपला धंदा आणि धंद्याचा शब्द दोन्ही बरोबर आणले. तो शब्द म्हणजे वहिफणी. बीमवरचा एकेक तार आकड्याने ओढून आधी वहीच्या डोळ्यातून आणि मग फणीच्या फटीतून काढायचा. असे हजारो तार. त्यांत एक जरी चुकीच्या डोळ्यातून गेला तरी ताग्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ उमटते. तीस वर्षे हे काम करून अण्णांची नजर आता अधू झाली आहे. त्यातून नवे माग आले, गाठी मारणारी यंत्रे आली, आणि काम पूर्वीइतके उरले नाही. संध्याकाळी ते नुसते बसून असतात.

तिसऱ्या दिवशी त्यांनी सूचनापत्रक उचलले. अण्णांचे शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजीचा गंध नाही. पण त्या पत्रकात शब्द थोडे आणि आकृत्याच जास्त. ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “आधी आतलं रंगवून घे, मग अंग मिटव. मिटल्यावर हात कसा घालशील?” पत्रकाच्या पहिल्या घरात नेमके हेच सांगितले होते. मग त्यांनी जोडलेले धड हातात घेतले. डोळ्यांजवळ नेले नाही. डोळे मिटून अंगठा पोटाखालून फिरवला आणि म्हणाले, “इथं जोड लागतो बोटाला.” मी दिव्याखाली धरून पाहिले, मला काही दिसेना. तरी घासले, वर रंगाचा पहिला हात दिला, तेव्हा त्याच जागी केसाएवढी रेघ उठून आली. पुन्हा घासली. अंगठा पुन्हा फिरला. “आता कापड झालं,” अण्णा म्हणाले.

रंगाच्या वेळी नवीच अडचण आली. खोक्यातली चिन्हे परदेशी हवाई दलाची होती. आपले चक्र म्हणजे मध्ये हिरवा, भोवती पांढरा आणि बाहेर केशरी. पंखावर ते नखाएवढे काढायचे. शून्य नंबरच्या ब्रशानेही असे वर्तुळ हाताने साधणे कठीण. यावर तोड अण्णांनीच सुचवली, “ताग्यावर मारतात तसा ठसा मार की.” मग पेन्सिलीच्या मागच्या रबराने केशरी ठसा, तो वाळल्यावर ब्रशाच्या बोथट टोकाने पांढरा आणि शेवटी रिफिलच्या टोकाने हिरवा. आधी वहीच्या पुठ्ठ्यावर बापलेकांनी शंभरेक चक्रे उमटवली, मग पंखावर. या घरातून इतकी वर्षे कापड गेले ते दुसऱ्याचा छाप घेण्यासाठी. इथून छाप उमटून बाहेर पडावा अशी ही पहिलीच वस्तू.

शेवटी उरला वैमानिक. पाऊण इंचाचा, ज्वारीच्या दाण्याएवढ्या डोक्याचा. तो बसवायचा की खुर्ची रिकामी ठेवायची, हे पत्रकाने आपल्यावर सोडलेले असते. माणूस नसला म्हणजे यंत्र अधिक देखणे दिसते, असे पुष्कळांचे मत आहे. मी दोन दिवस तो तुकडा बाजूला ठेवला आणि या विमानाविषयी मिळेल ते वाचत बसलो. २०१२ साली संसदेत दिलेल्या माहितीनुसार आपल्या ८७२ मिग विमानांपैकी निम्म्याहून अधिक अपघातांत गेली होती. १७१ वैमानिक आणि ३९ नागरिक दगावले होते. फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ १७ सप्टेंबर २००१ रोजी राजस्थानातल्या सुरतगडहून मिग-२१ घेऊन रात्रीच्या उड्डाणावर निघाले, ते परतले नाहीत. ठपका वैमानिकावर आला. त्यांच्या आई कविता गाडगीळ यांनी तो मान्य केला नाही. मुलाच्या नावासाठी त्या वर्षानुवर्षे झगडल्या.

हे मी रात्री जेवताना घरात वाचून दाखविले. कोणी काही बोलले नाही. मग अण्णा म्हणाले, “आमच्यात तेच. माल चांगला निघाला की शेठचा. रेघ निघाली की विचारतात, वहिफणी कोणाची?” आणि भाकरीचा तुकडा मोडून ते जेवू लागले.

त्या एका वाक्याने मला जे समजले ते सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच. वस्तू उत्तम असते तेव्हा तिच्यावर नाव आराखड्याचे असते, मालकाचे असते, देशाचे असते. वस्तू बिघडते तेव्हा मात्र लोकांना अचानक हात आठवतो. ओझरचा रिव्हेट मारणारा, सुरतगडचा वैमानिक आणि भिवंडीचा वहिफणीवाला एकमेकांना ओळखत नाहीत, पण त्यांचे गोत्र एकच. इतिहासाच्या पुस्तकात आम्ही लढाया वाचतो, तहांची कलमे पाठ करतो. त्या पानांवरची माणसे एकास बहात्तरपेक्षा किती तरी लहान प्रमाणात छापलेली असतात. इतकी लहान, की ती दिसतच नाहीत. शिकलेल्या माणसाने ती पाहायला शिकावे, एवढे तरी बी.ए.कडून अपेक्षिण्यास हरकत नसावी.

हातातून सुटण्यासाठी मी शिकतो आहे, असे आता मला म्हणवत नाही. अण्णांच्या अंगठ्याला जे कळले ते माझ्या कोणत्याही पुस्तकात नव्हते. ते ज्ञान त्यांच्याबरोबर संपून जाऊ नये, असे वाटते. त्यासाठी मागावर बसलेच पाहिजे असे नाही. पण ते ज्ञान आहे, हे तरी कोणी लिहून ठेवायला हवे. आईला मी तसे सांगितले. ती म्हणाली, “मग लिही. पण आधी परीक्षा.”

वैमानिक मी बसवला. खाली पुठ्ठ्याची बैठक केली आणि तीवर मराठीत लिहिले, ‘मिग-२१. बांधणी : ओझर, जिल्हा नाशिक’. विमान सध्या कपाटावर उभे आहे. आमच्या गल्लीत हवेत सदा कापसाचे तूस तरंगत असते. ते भांड्यांवर बसते, देवांवर बसते, तसे मिगच्या पंखांवरही बसते. दर रविवारी शून्य नंबरच्या ब्रशाने मी ते झाडतो. परवा झाडायला गेलो तर पंख आधीच स्वच्छ होते. अण्णा तिकडे पाठ करून चहा पीत होते, आणि ब्रश त्यांच्या खिशात होता.