लेस्टरचे दूध, इब्रामपूरचा नारळ

लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर शाकाहारी माणसाची चैन असते. गुजराती थाळी, फरसाण, पेढे, रसमलाई, तुपात तळलेली जिलबी. हॉटेलात शिरताना ‘यात मांस नाही ना’ असे विचारावेही लागत नाही. १९७२ मध्ये ईदी अमीनने युगांडातून हाकललेले गुजराती इथे आले. ‘शहर भरले आहे, येऊ नका’ अशी जाहिरात इथल्या नगरपालिकेने युगांडाच्या वर्तमानपत्रात दिली होती. ते तरीही आले आणि आज शहर त्यांच्याच मिठाईची जाहिरात करते. अलीकडे पोर्तुगीज पासपोर्टवर दीव-दमणचे लोक आले, थोडे गोंयकारही आले. गोव्यात पेडण्यातल्या इब्रामपूरहून आलेल्या माझ्यासारख्या शाकाहाऱ्याला इथे काही सोडावे लागत नाही, आणि म्हणूनच तो आपल्या ताटाबद्दल विचारही करत नाही. गंमत अशी की शाकाहाऱ्यांना विचार करायला लावणारी चळवळ याच शहरातून निघाली. सुतारकाम शिकवणारा डोनाल्ड वॉटसन हा इथल्या शाकाहारी मंडळाचा सचिव होता. दूध-अंडीही न खाणाऱ्यांना शाकाहारी संस्थेच्या मासिकात हक्काची जागा मिळेना, तेव्हा त्याने १९४४ च्या नोव्हेंबरात ‘व्हीगन न्यूज’ ही चार पानी पत्रिका लेस्टरमधून काढली. म्हणजे व्हीगन चळवळीचे पहिले भांडण मांस खाणाऱ्यांशी नव्हते, दूध पिणाऱ्या शाकाहाऱ्यांशी होते. माझ्या मते त्या भांडणात वॉटसनची बाजू बरोबर होती, आणि परदेशी शहरात राहणाऱ्या मराठी शाकाहाऱ्याला तर ती टाळता येण्यासारखी नाही.

आपण मांस का खात नाही, या प्रश्नाला बहुतेकांचे उत्तर ‘जीव मारायला नको’ असे असते. ते खरे मानले तर दुधाचा हिशोब मांडावा लागतो. गाय व्याल्याशिवाय दूध देत नाही, आणि व्यालेल्या प्रत्येक वासराचे पुढे काहीतरी करावे लागते. ब्रिटनमधल्या बहुतेक गोठ्यांत ते पहिल्या एक-दोन दिवसांतच आईपासून वेगळे केले जाते. कालवड असेल तर ती पुढे दुधाला येते. पाडा असेल तर तो दुधाच्या जातीचा, अंगाने किडकिडीत, मांसासाठी वाढवणे परवडत नाही असा; म्हणून कित्येक वर्षे अनेक ठिकाणी त्याला जन्मल्यावर लगेच गोळी घातली जाई. त्यावर बोभाटा झाला, आणि २०२३ पर्यंत ही पद्धत बंद करायची असे इथल्या दूधधंद्याने ठरवले. उपाय दोन निघाले: कालवडीच होतील असे निवडलेले वीर्य वापरायचे, आणि उरलेल्या गायींना मांसल जातीचा वळू द्यायचा. याचा अर्थ वासरू वाचले असा नव्हे. ते आता थोडे मोठे होऊन गोमांस म्हणून विकले जाते. ब्रिटनमधले जवळपास निम्मे गोमांस आज दुधाच्या कळपांतूनच येते. आणि वीस वर्षे जगू शकणारी गाय दूध कमी झाले की सहा-सात वर्षांची व्हायच्या आत त्याच वाटेने जाते. चहात दूध घालणारा शाकाहारी आणि बर्गर खाणारा त्याचा शेजारी एकाच कळपाचे गिऱ्हाईक आहेत. चीजची गोष्ट आणखी उघड आहे. लेस्टरशर परगणा चीजसाठी प्रसिद्ध; दूध विरजवण्यासाठी पूर्वी वासराच्या पोटातले रेनेट सर्रास वापरत. आता ब्रिटनमधली बरीच चीजे बिगरप्राणिज रेनेटने होतात, पण इटलीचे खरे पार्मेझान आजही वासराच्या रेनेटवाचून होत नाही. पास्त्यावर ते भुरभुरणारे शाकाहारी लेस्टरात काही कमी नाहीत.

यावर पहिला आक्षेप घरचाच येतो: आपल्याकडे गाय म्हणजे घरचे माणूस, हे गोऱ्यांचे कारखाने वेगळे. पूर्वीच्या गोव्यापुरते यात तथ्य आहे. गोव्याची मूळ गाय, जिची काही वर्षांपूर्वी ‘श्वेत कपिला’ या नावाने देशी जात म्हणून नोंद झाली, दिवसाला दोन-तीन लिटर दूध देते. ती दुधासाठी पाळलीच जात नव्हती. नांगराला बैल हवा, भाताला शेणखत हवे, म्हणून गोठा होता. वासरू पिऊन उरेल ते दूध घराचे. पाड्याला त्या व्यवस्थेत किंमत होती. नांगराच्या जागी यंत्र आले तेव्हा ती किंमत गेली. आज गोव्यात दूध पिशवीतून येते. गोवा डेअरीचा कुर्टीचा सहकारी संघ १९८४ चा, आणि त्यालाही गोव्याची गरज भागत नाही म्हणून शेजारच्या राज्यांतले दूध येते. ते देणाऱ्या संकरित गायी वर्षागणिक विणारच, आणि पाडे होणारच. गोव्यात गोहत्याबंदीचा कायदा १९७८ चा आहे. महाराष्ट्राने २०१५ पासून बैलाच्या कत्तलीवरही बंदी घातली. पण भाकड गाईला आणि नको असलेल्या पाड्याला पुढची बारा-पंधरा वर्षे वैरण कोण घालणार, हे कायद्यात नसते. पावसाळ्यात गोव्याच्या हमरस्त्यांवर रात्री बसलेली गुरे हे त्या प्रश्नाचे चालू उत्तर आहे. चरायची जागाही आक्रसली. मोपाच्या पठारावर जिथे गुरे चरत तिथे २०२३ पासून विमाने उतरतात. तरीही इब्रामपूरमध्ये दोन गायी राखून पोट भरणाऱ्याला लेस्टरमध्ये बसून उपदेश करणे मला शोभणारे नाही. त्याच्यापुढे पर्याय थोडे असतात. माझ्यापुढे दुकानाची अख्खी भिंत आहे, आणि मी पितो ते दूध त्याच्या गाईचे नाही, होल्स्टीन जातीच्या गाईचे आहे.

दुसरा आक्षेप जिभेचा. दूध सोडले तर खायचे काय, असे पुण्या-मुंबईच्या माणसाने विचारले तर समजू शकते. पेडणे-डिचोलीच्या माणसाने विचारले तर हसू येते. आपले शिवराक, म्हणजे शाकाहारी, जेवण जवळजवळ सगळेच नारळावर उभे आहे. आळसांद्यांचे तोंडाक, खतखते, मुगागाठी, अंबाड्यांची उडदामेथी, सोलकढी, उकड्या तांदळाची पेज, यांत दुधाचा थेंब नाही. सणाचे गोडही तसेच: चणाडाळीचे मणगणे नारळाच्या रसात शिजते, पातोळ्यांत खोबरे आणि गूळ, सांदणांत फणसाचा गर, तवसळीत काकडी. यामागे तत्त्वज्ञान नाही, भूगोल आहे. मुसळधार पाऊस, जांभा दगड, दोन लिटरची गाय, आणि अंगणात माड. दूध परवडत नव्हते, रस परवडत होता. पनीर आमच्या स्वयंपाकघरात लग्नाच्या केटररबरोबर आले. विलायतेत मात्र आपण आपले जेवण मागे ठेवून उत्तर भारतीय हॉटेलचा शाकाहार उचलतो, पनीर बटर मसाला आणि दाल मखनी, आणि मग दुधाशिवाय जगणे अशक्य म्हणून तक्रार करतो. कठीण जाते ते चहा आणि दही या दोनच ठिकाणी. चहात ओटचे दूध चालते, पण आपला उकळलेला चहा त्यात फाटल्यासारखा होतो. ‘बरिस्टा’ म्हणून विकतात ते जरा बरे. दह्याला तोडीस तोड पर्याय मला अजून दिसलेला नाही. सोयाचे दही कढीला चालते, भाताबरोबर नुसते खाववत नाही.

तिसरा आक्षेप तब्येतीचा, आणि तोच सर्वांत गंभीर. इथे गांधीजींचा दाखला द्यावा लागतो, कारण हा प्रयोग त्यांनी वॉटसनच्या बत्तीस वर्षे आधी केला होता. गाईच्या शेवटच्या थेंबापर्यंत दूध काढण्यासाठी गवळी ‘फुका’ नावाचा क्रूर प्रकार करतात हे कळल्यावर १९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर त्यांनी दूध सोडले. पुढे भारतात गंभीर आजारपणात डॉक्टर दुधाशिवाय उपाय नाही म्हणू लागले, तेव्हा व्रत गाई-म्हशीच्या दुधापुरते होते, शेळीच्या नव्हे, अशी वाट कस्तुरबांनी दाखवली. त्यांनी ती घेतली, आणि ही शब्दांपुरती पाळलेली प्रतिज्ञा त्यांना जन्मभर सलत राहिली. दुधाला वनस्पतीतला पर्याय ते शोधत होते, तो त्यांना सापडला नाही. सापडणे कठीणच होते. बी-१२ हे जीवनसत्त्व वेगळे काढण्यात शास्त्रज्ञांना यश आले ते १९४८ मध्ये, गांधीजींच्या मृत्यूच्या वर्षी. ते जिवाणू तयार करतात, वनस्पतीत ते भरवशाने मिळत नाही, आणि त्याची कमतरता रक्त आणि मज्जासंस्था दोन्ही बिघडवते. आज ते गोळीत मिळते, जिवाणूंकडूनच करवून घेतलेले, आणि स्वस्तात. म्हणजे त्यांना अडवणारी एक मोठी भिंत आपल्यापुढे नाही. शिवाय दूध पिणारा शाकाहारी या बाबतीत सुरक्षित आहे, हाही समज आहे. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने ग्रामीण आणि शहरी पुरुषांचे रक्त तपासले. २००६ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांत बी-१२ कमी निघाले. दह्या-ताकावर वाढलेल्या महाराष्ट्रातली ही अवस्था. गोळी दूध पिणाऱ्यांपैकीही अनेकांना हवीच आहे; व्हीगन निदान ती विसरत नाही.

कॅल्शियमचे फारसे काही नाही. नाचणीत ते शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असते, आणि नारळाच्या रसात गूळ घालून केलेले नाचणीचे तिझण आपल्याला लहानपणापासून ठाऊक असते. इथल्या बहुतेक वनस्पतिज दुधांत ते वरून घातलेलेही असते. खरा धोका आहे आयोडीनचा, आणि तो परदेशी आलेल्यांच्या लक्षातच येत नाही. भारतात मीठ आयोडीनयुक्त असते. ब्रिटनमध्ये दुकानातले साधे मीठ तसे नसते. इथल्या लोकांना आयोडीन मुख्यतः दुधातून आणि माशांतून मिळते. मासे न खाणाऱ्याने इथे दूध सोडले तर दोन्ही दारे बंद होतात. वनस्पतिज दूध घेताना डब्यावर आयोडीन लिहिले आहे का ते पाहावे, नाहीतर आयोडीनचे मीठ भारतीय दुकानातून आणावे. गरोदर बाई आणि लहान मुले यांच्या बाबतीत तर आहारतज्ज्ञाला विचारल्याशिवाय उत्साह दाखवू नये.

‘हे श्रीमंतांचे खूळ’ हा आक्षेप अर्धा खरा आहे. काजूचे बनावट चीज महाग आहे, आणि खाण्यासारखेही क्वचितच असते. चवळी, मसूर, तांदूळ, नाचणी मात्र कुठल्याही दुधापेक्षा स्वस्त. सोयाबीनसाठी ॲमेझॉनचे जंगल तुटते असे कोणी म्हणाले तर त्याला सांगावे की जगातल्या सोयाबीनपैकी सुमारे तीन-चतुर्थांश जनावरांना घातले जाते. टोफू आणि सोयादुधाचा वाटा अगदी थोडा. २०१८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या पूर आणि नेमेचेक यांच्या मोठ्या अभ्यासात लिटरभर गाईच्या दुधामागे सुमारे ३ किलो कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन निघाले, ओट-सोयाच्या दुधामागे एक किलोच्या आसपास. नारळ सोवळा आहे असेही मी म्हणणार नाही. थायलंडमध्ये माकडांना साखळीने बांधून नारळ पाडून घेतात असा आरोप झाल्यावर २०२० मध्ये ब्रिटनमधल्या काही मोठ्या दुकानांनी अशा कंपन्यांचे नारळाचे दूध काढून टाकले. आपल्याकडे नारळ पाडायला माडावर पाडेली चढतो. डब्यावरचा देश बघून घ्यावा, एवढेच. आणि रसात संपृक्त चरबी भरपूर असते, तेव्हा रोज दोन वेळा तोंडाक चापणाऱ्याने तब्येतीची फुशारकी मारू नये.

उरला धर्म. लेस्टरमध्ये जैनांचे १९८८ मध्ये प्रतिष्ठापना झालेले देखणे मंदिर आहे, आणि परदेशातल्या जैनांमध्ये दूध-तुपाचा वाद मोकळेपणाने चालतो. अहिंसेचा हिशोब ठेवायची त्यांना सवय आहे. हिंदूंमध्ये पंचामृत म्हटले की चर्चा थांबते. त्यावर इंग्लंडातच एक प्रयोग झाला. कृष्णभक्तांच्या प्रेरणेने २०११ मध्ये ‘अहिंसा’ नावाचे दूध निघाले: एकही गाय, एकही पाडा कत्तलीला द्यायचा नाही, बैलांना काम द्यायचे, म्हाताऱ्या गुरांना पोसायचे. ते दूध बाजारभावाच्या कितीतरी पट महाग पडते आणि मोजक्याच घरांना मिळते. न मारता दूध काढायचे तर त्याची खरी किंमत ही आहे. पळीभर पंचामृताला ती देता येईल. रोजच्या चार कप चहाला आणि पावशेर पनीरला नाही. पेडण्याचा बहुसंख्य समाज सोमवार-एकादशी सोडून मासे खातो आणि त्याबद्दल सबबी सांगत नाही. ‘जीव मारायला नको’ हे कारण सांगणारा शाकाहारी दूध पिताना ते कारण विसरतो, हे त्याने निदान कबूल करावे. आणि परदेशातल्या मराठी मंडळांच्या कार्यकर्त्यांना एक विनंती. उकडीच्या मोदकाला तांदूळ, खोबरे, गूळ एवढेच लागते. या गणपतीत उकडीत आणि मोदकावर तूप घालू नका, ते वाटीत बाजूला ठेवा, आणि कशात दूध आहे ते पाटीवर लिहा.