अंगणासाठी ऑस्ट्रेलियाचे झाड

लासूर स्टेशन, वैशाख वद्य पंचमी.

निजामाच्या अमदानीत घातलेल्या लोहमार्गावरील ह्या गावी, जेथे गंगापूर तालुक्याची काळी जमीन उन्हाळ्यात खोल भेगाळते, अंगणात कोणते झाड लावावे ही बाब मला क्षुल्लक वाटत नाही; म्हणूनच रोपवाटिकेत नीलगिरी, सुरू, सिल्व्हर ओक आणि बॉटलब्रश ही ऑस्ट्रेलियाशी नाते सांगणारी रोपे शेजारी शेजारी पाहून आज बराच वेळ विचार करीत राहिलो.

नीलगिरी १८४३ च्या सुमारास दक्षिणेतील निलगिरी पर्वतावर जळणाच्या तजविजीसाठी दाखल झाली. परंतु विहिरींवर जगणाऱ्या आमच्या वस्तीत तिची तहान मला मान्य नाही. सुरूच्या मुळांवरील गाठी हवेतील नत्र स्थिर करतात, हा त्याचा थोर गुण. तथापि त्याची प्रकृती किनाऱ्यावरील वाळूची. सिल्व्हर ओक कॉफीच्या मळ्यांवर सावली धरण्यात सार्थक, लहान अंगणास मात्र अवाढव्य.

उरला बॉटलब्रश: आटोपशीर, एकदा रुजल्यावर अल्प पाण्यावर तग धरणारा, आणि ज्याच्या लाल तुऱ्यांतील मधासाठी शिंजीर निःसंकोच येतो असा. परसातील कडुनिंबाचा हक्क अर्थात अबाधित. त्यास हलवून पाहुण्यास जागा देणे अन्यायाचे होईल. मृगाच्या सरी पडल्यावर, पाणी साचू नये म्हणून मातीत मुरूम मिसळून, कुंपणालगत दोन रोपे लावण्याचे ठरविले आहे.