धामणगावची हवा आणि फोडणीचा ठसका

बडनेऱ्याहून वर्ध्याकडे निघालं की चांदूरनंतर धामणगाव रेल्वे लागतं. यवतमाळला जाणारी मंडळी इथंच उतरतात. दिवाळीनंतर गेलात, तर कापसानं लादलेल्या गाड्या, जिनिंगची घरघर आणि बाभळीच्या काट्यांना अडकलेले पांढरे पुंजके दिसतील. बघायला मोठं छान वाटतं हो!

माझी नणंद तिथंच राहते. गेल्या डिसेंबरात तिच्याकडे गेले होते. सकाळी तिनं वरणाला लसूण-मिरचीची फोडणी दिली आणि खोकत खोकत अंगणात आली. छातीत शीळ वाजत होती. म्हणाली, "पावसाळ्यात हेच करतो न वो वहिनी, तवा काहीच होत नाही मले." घरच्यांचं मत ठरलेलं, "बाई नाजूक झाली!"

मैत्रिणींनो, मिरची तीच होती. हवा बदलली होती. हिवाळ्यात जमिनीलगतची थंड हवा वर चढत नाही. रस्त्याची धूळ, गाड्यांचा धूर, बंबातल्या पऱ्हाट्यांचा धूर, सारं खालीच कोंडतं. त्यातले केसाच्या तिसाव्या हिश्श्याहून बारीक कण श्वासनलिकांच्या अस्तराला सूज आणतात. सोललेल्या बोटाला मीठ कसं झोंबतं? तसंच मग एरवी सोसणारी फोडणी, उदबत्ती, फिनेलसुद्धा झोंबते. नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात आणि दम लागतो.

हे दुखणं दिल्ली-मुंबईचंच, असं समजू नका. 2019 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आपली अमरावती आणि अकोलाही आहेत.

मग करायचं काय? मिरची तडतडताच वर झाकण ठेवा. रस्त्याकडची खिडकी धुकं विरल्यावर उघडा. कोरड्या झाडूऐवजी ओलं फडकं फिरवा. बंब दारापासून लांब ठेवा. त्यात प्लास्टिक तर कधीच घालू नका. शीळ वाजत असेल किंवा खोकल्यानं रात्री जाग येत असेल, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना दाखवा. ओढून घ्यायच्या औषधाची 'सवय लागते' हा निव्वळ गैरसमज आहे.

संक्रांतीला नणंदेचा फोन आला. बंब परसात गेला, औषध सुरू झालं. फोडणी काही तिनं सोडली नाही. घरच्यांनी मात्र 'नाजूक' म्हणणं सोडलंय!