टर्बो, इंजेक्टर आणि त्रैराशिक

मंडळी, मथळा वाचून दचकू नका. लिहिणारा मीच आहे, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला आणि आयुष्यभर मुलांना संधी-समास शिकवलेला मास्तर. पण गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे सिअ‍ॅटलला राहून आलो आणि नातवाच्या नादाने या विषयात पडलो. नात्यातल्या काही जणांना ही गोष्ट फोनवर अर्धीमुर्धी कळली आहे, म्हणून आता सगळीच लिहितो.

नातवाकडे २००४ सालची सुबारू डब्ल्यूआरएक्स आहे. सेकंडहँड. दोन लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, कारखान्यातूनच टर्बो बसवलेला आणि ताकद २२७ अश्वशक्ती. याच गाडीने तो रोज कामावर जातो. तर या पठ्ठ्याने पगारातून पैसे साठवून, एसटीआय नावाचं या गाडीचं जे दांडगं भावंड आहे, त्याचा मोठा टर्बो जुना मिळवला होता. शनिवारी तो बसवायचा बेत होता. आणि लेक मला स्वयंपाकघरात हळूच सांगत होती, "बाबा, तुम्ही काहीतरी बोला त्याच्याशी. माझं तो ऐकत नाही."

चोवीस वर्षांच्या मुलाला "करू नकोस" म्हणून काही उपयोग नसतो, हे मास्तरकीत शिकलोय. म्हणून म्हटलं, "मला आधी समजावून सांग."

टर्बो म्हणजे काय, तर लोहाराचा भाता! फरक एवढाच की हा भाता इंजिनाचा वाया जाणारा धूरच फिरवतो. त्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरतं, त्याच दांड्यावरचं दुसरं चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. १९०५ साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचं पेटंट घेतलं. पण भात्याने नुसता वारा मारून भागत नाही, कोळसाही घालावा लागतो. इथे कोळसा म्हणजे पेट्रोल, आणि ते फवारणारी नळी म्हणजे इंजेक्टर. नेमकं तेच बदलायचं त्याने पुढच्या महिन्यावर ढकललं होतं. पैसे संपले होते.

त्याचं म्हणणं असं. "आजोबा, आत्ता बूस्ट १३.५ पीएसआय आहे, मी १७ करणार. साडेतीनच तर वाढवतोय! महिनाभर जुने इंजेक्टर चालतील."

मी कागद-पेन्सिल घेतली. बूस्ट म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. समुद्रसपाटीला बाहेरची हवाच १४.७ पीएसआय. म्हणजे एकूण दाब आधी २८.२, नंतर ३१.७. वाढ झाली साधारण १२ टक्के. "बरं, ताकद किती होईल म्हणतोस?" तो म्हणाला, "२८०." २२७ वरून २८० म्हणजे २३ टक्के. मी विचारलं, "दाब बारा टक्क्यांनी वाढतो आणि ताकद तेवीस टक्क्यांनी, ही मधली हवा आली कुठून?"

तो जरा थांबला, मग त्यानेच उलगडा केला. लहान टर्बो इंजिन जोरात फिरायला लागलं की दमतो, त्याचा दाब शेवटी उतरतो. शिवाय हवा दाबताना ती जास्त तापवतो, आणि तापलेली हवा विरळ. मोठा टर्बो तोच दाब शेवटपर्यंत टिकवतो, हवाही कमी तापवतो. म्हणजे काट्यावर दिसतो तो दाब. आत हवा किती गेली हे काटा सांगत नाही, आणि पेट्रोल तर हवेच्या वजनावर घालायचं असतं!

मग इंजेक्टरचं त्रैराशिक मांडलं. टर्बोच्या पेट्रोल इंजिनाला पूर्ण जोरात एका अश्वशक्तीमागे तासाला साधारण २७० ग्रॅम पेट्रोल लागतं, हा ढोबळ नियम. २८० ला झाले ७५.६ किलो. मिनिटाला १,२६० ग्रॅम, म्हणजे सुमारे १,७०० सीसी. चार इंजेक्टरांत वाटले की प्रत्येकी ४२५. पण इंजेक्टर सतत उघडा ठेवायचा नसतो. त्याला उघडझाप करायला वेळ लागतो. मिनिटाला ६,००० फेऱ्यांना एका आवर्तनाला मिळतात फक्त २० मिलिसेकंद, त्यातले १६ वापरावेत, म्हणजे ८० टक्के. म्हणून इंजेक्टर हवा ५३० सीसीचा. हाच हिशेब जुन्या २२७ ला लावला तर येतात ४३०.

४३० च्या इंजेक्टरकडून ४२५ मागायचे म्हणजे तो ९९ टक्के वेळ उघडा! उसंत नाहीच. आणि तो कमी पडला की मिश्रण पातळ होतं, आतली उष्णता वाढते, पेट्रोल अवेळी भडकतं आणि पिस्टन फुटतो. पूर्ण जोरात एका भाग पेट्रोलला हवा ११-११.५ भागच ठेवतात, ती जादा पेट्रोलने आत गारवा राहावा म्हणून. रस्त्यावर हे कळतही नाही. गाडी झकास पळते, आणि मग एकदम बंद पडते.

पेट्रोलचा पंपही बघावा लागतो, हे त्यानेच सांगितलं. बूस्ट वाढला की पंपाला तेवढ्याच जास्त दाबाविरुद्ध पेट्रोल ढकलावं लागतं, आणि दाब वाढला की त्याची धार बारीक होते. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

नातू बराच वेळ कागदाकडे बघत बसला. मग म्हणाला, "शनिवार रद्द." मला वाटतं, मी नको म्हटलं असतं तर त्याने शुक्रवारीच बसवला असता.

टर्बो सात आठवडे खोक्यात राहिला. मग ५५० सीसीचे इंजेक्टर आणि मोठा पंप आला. संगणकाला नव्या इंजेक्टरचं माप सांगितलं, नाहीतर तो जुन्याच हिशेबाने पेट्रोल ओतत बसतो. जाणकाराने सुरुवात १२ पीएसआयवर केली आणि मिश्रणाचा मीटर बघत थोडं थोडं वाढवत १७ वर थांबवलं. इंजेक्टर ७८ टक्क्यांवर होते. नातवाने मला तो आकडा भर रात्री फोनवर कळवला. तोवर मी पुण्याला परत आलो होतो.

असो. लेकीला मात्र ते अजून पटलेलं नाही. ती म्हणते, "बाबा, तुम्हाला थांबवायला सांगितलं होतं, तुम्ही तर गणित सोडवून दिलंत!" तिचंही बरोबर आहे. वेगाची काळजी त्रैराशिकाने जात नाही. पण पोरगा आता कुठलीही नवी वस्तू घ्यायच्या आधी मला आकडे पाठवतो, "आजोबा, तपासा." सध्या ब्रेकचं चाललंय, आणि ते त्याने आपणहून काढलंय.